सगळ्यात वरचा मजला

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

आज मी काय करून बसले! कमी भाड्याच्या सरकारी घरासाठी अर्ज द्यायला गेले. खिडकीतली मुलगी भली होती. म्हणाली, "अक्का, तळमजला लिहा. वयस्करांचा नंबर लवकर लागतो. वरच्या मजल्यांची यादी फार लांब आहे." आणि मी ठणकावून सांगितलं, "मला सगळ्यात वरचाच पाहिजे, गच्चीजवळचा."

घरमालकाला दिवाळीपर्यंत खोली रिकामी हवीय, माझे गुडघे हे असे, आणि गच्ची कशाला? तर ज्वारीचे बिबडे-पापड वाळवायला! तिला सांगितलं असतं तर हसलीच असती.

पण अमळनेरच्या चाळीत आमचा उन्हाळा गच्चीवरच जायचा. पहाटे ज्वारीचा घाटा शिजला की शेजारची सिंधूताई जिन्यातून आम्हा सगळ्यांना हाक मारायची, "बठ्ठ्याजणी या वं, घाटा तयार शे!" खाटेवर ओलं धोतर पसरून आम्ही चौघी भराभर बिबडे थापायचो. घाटा गार झाला की थापता येत नाही, म्हणून घाई. हात पोळायचे, तरी हसणं थांबायचं नाही. तो लसणाचा वास... जाऊ दे.

उद्या जाऊन तळमजला करून घेऊ का? बदल चालतो, खिडकीतली मुलगी म्हणाली होती. पण मग गच्ची?

आत्ता अर्जाची प्रत परत वाचली. सिंधूताई तर गेलीच. बाकीच्या दोघी शिरपूरला, लेकांकडे. चार जणींचं काम ते, एकटीने व्हायचं नाही.

आणि अर्जात माझ्याच अक्षरात लिहिलंय, राहणाऱ्या व्यक्ती: एक.