दोन बिले, चौदा गुंठे

मी, कुमारी कांताबाई धोंडिबा ओव्हाळ, वय वर्षे सत्तर, महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त परिचारिका, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी रक्तदाब स्वतः मोजला, एकशे तीस-ऐंशी. कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. दाखवणाऱ्याचे काय होते ते जुन्या वॉर्डबॉयना विचारावे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांनी मसुदा करतो म्हणून दोनदा सांगितले होते. मसुदा आला नाही, बिलात मात्र आला.

१. माझे डोळे दान करावेत. फोन सहा तासांच्या आत करावा, रडारड नंतर. त्रिशरण-पंचशील म्हणावे आणि लोकांना घरी जाऊ द्यावे. भाषणे नकोत.

२. बिबवेवाडीची सदनिका भाचा प्रज्ञेश (मावसबहिणीचा मुलगा) यास. नळ गळतो, तो आधी दुरुस्त करावा. रक्तदाबाचे यंत्र शेजारच्या वेणूबाईंना. त्या रोज मोजून घ्यायला येतातच, आता त्यांनी स्वतः मोजायला शिकावे.

३. हिंजवडीच्या शिवारातील चौदा गुंठ्यांपैकी माझे सात गुंठे. हे कलम लांबेल, कारण त्यापायी माझी नऊ वर्षे गेली.

वडिलांची ही वतनाची जमीन. सरकारला नजराणा भरून त्यांनी ती नावावर करून घेतली, तेव्हा तिकडे दिवसातून एक एसटी यायची. पुढे कंपन्या आल्या आणि आमच्या भातखाचराला एकदम भाव आला. १९९९ साली माझा धाकटा भाऊ मच्छिंद्र याने एजंटाच्या हाती हक्कसोडपत्र पाठवले, म्हणजे बहिणीने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद. सह्या करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. तो स्वतः येऊन ‘ताई, सोडतेस का’ म्हणाला असता, तर मी केलीही असती सही. पण एकतीस वर्षे वॉर्डात मी एक नियम पाळला : न दिलेल्या औषधापुढे सही करायची नाही. मग न विचारलेल्या गोष्टीला होकार कसा देऊ? मी दावा लावला. सख्ख्या भावावर. दुसऱ्याच दिवशी पस्तावले, पण तोवर वकीलपत्रावर सही झाली होती.

वकीलसाहेबांचे नाव लिहीत नाही. लिहिले तर तेही बिलात लावतील. नऊ वर्षांत वाद कशाचा ते ठरवणारे मुद्देसुद्धा निघाले नाहीत, निघाल्या त्या तारखा. कोर्टाच्या व्हरांड्यात मी एका बाकावर, मच्छिंद्र समोरच्या. बोलणे बंद. त्याची मुलगी आम्रपाली मात्र दर महिन्याला घरचा इंद्रायणी तांदूळ घेऊन यायची आणि दारातच सांगायची, “आत्या, बाबांनी पाठवलेला नाही हं.” मी पिशवी घ्यायचे. तो भात शिजला की मला रडू यायचे.

यंदा फेब्रुवारीत मी म्हटले, पुरे, माझे कागद परत द्या. तर साहेबांनी संगणकावर छापलेले बिल पुढे केले. बावीस तारखांना ‘युक्तिवाद’. ते भरल्याशिवाय मूळ कागद नाहीत, दुसरा वकील करायला ना-हरकतही नाही.

मी म्हटले, “साहेब, मी प्रत्येक तारखेला हजर होते. युक्तिवाद काही ऐकू आला नाही.”

“बाई, कायद्यातलं तुम्हाला नाही कळायचं.”

प्रत्येक तारखेला हजर असलेला दुसरा एकच माणूस होता. मी त्याला फोन लावला. “मच्छिंद्र, तुझ्या वकिलानं बिल दिलंय का?”

“दिलंय ताई. लई हाय.”

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून तो आला. आम्ही फरशीवर बसून दोन्ही बिले शेजारी मांडली. १२ जुलै २००४ : माझ्या बिलात ‘युक्तिवाद, तीन तास’. त्याच्या बिलात ‘वादीचे वकील गैरहजर, पुढील तारीख घेतली’. वादी म्हणजे मी. पुढची तारीख : माझ्याकडे ‘सविस्तर युक्तिवाद’, त्याच्याकडे ‘न्यायाधीश रजेवर’. नवव्या तारखेला मच्छिंद्रला हसू आवरेना. मलाही. हसता हसताच त्याचे डोळे भरले. “ताई, तो कागद घिऊन म्या सोता यायला पायजे हुतं. चुकलं माझं.” नऊ वर्षांत एवढे एकच काम झाले, तेही कोर्टाबाहेर.

मग दोघे मिळून माझ्या वकिलांकडे गेलो. वादी आणि प्रतिवादी एकाच रिक्षातून उतरलेले पाहून साहेब उठून उभे राहिले. मी म्हटले, “दावा लिहिला, नोटीस काढली, त्याचे पैसे तुम्हाला केव्हाच पोचले. बाकीचं दोन्ही बिलं जोडून बार कौन्सिलला विचारू?” कागद पंधरा मिनिटांत मिळाले. चहाही येत होता, आम्ही थांबलो नाही. तडजोडीचा अर्ज आमचा आम्हीच दिला. न्यायाधीशांनी विचारले, कोणाचा दबाव आहे का? मच्छिंद्र म्हणाला, “हाय साहेब, बिलाचा.” सात गुंठे त्याचे, सात माझे. घरी येऊन मी भर दुपारी तीन तास गाढ झोपले. इतके हलके मला निवृत्तीच्या दिवशीही वाटले नव्हते.

४. वकीलसाहेबांस काही नाही. अंत्ययात्रेला आल्यास स्वखर्चाने यावे.

५. आता ते सात गुंठे कोणाला. येथे मी आधी ‘मच्छिंद्र यास’ असे लिहिले होते. आज त्याला वाचायला दिले. वाचून त्याने कागद परत माझ्यापुढे सरकवला.

“माझं नाव खोड, ताई.”

“का रे?”

“लोकं म्हणतील, जमिनीसाठी बहिणीकडं गेला. मी बिल घिऊन आलो हुतो.” मग म्हणाला, “साक्षीदार किती लागत्यात?”

“दोन. सोसायटीचे सचिव येतायत. पण ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीला बसू नये.”

“मंग मला काय नगं. मी साक्षीला बसतो.”

सबब नाव खोडले आहे, बाजूला माझी सही आहे. कागद पुन्हा स्वच्छ लिहिणार नाही. खोडलेलेही दिसू द्यावे. सात गुंठे आम्रपाली मच्छिंद्र ओव्हाळ हिला. तिची सही कोणाला हवी असल्यास तिच्या घरी जाऊन, समोर बसून मागावी.

वरील सर्व मजकूर मी दोघांसमोर मोठ्याने वाचला, दोघांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

ठिकाण : पुणे
दिनांक : ९ नोव्हेंबर २००८

(सही) कांताबाई धोंडिबा ओव्हाळ

साक्षीदार
१. (सही) दिगंबर केशव पाटणकर, सचिव, राहणार याच इमारतीत. नाते : शेजारी.
२. (सही) मच्छिंद्र धोंडिबा ओव्हाळ, राहणार हिंजवडी. या मृत्युपत्रान्वये मिळणार : काही नाही. नाते : सख्खा भाऊ.