रकाना क्रमांक अकरा

प्रिय ताईस,

एका हाताने जमेल तेवढा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला, की अजून मुक्काम ठोकून आहे? आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो आणि उरलेल्या वेळात एकमेकांवर ओरडतो. पण गेल्या पंधरा दिवसांत मला एकापाठोपाठ एक असे धक्के बसलेत की अजून तोंडाचा वासलेला आ पूर्ण मिटलेला नाही. तू हे पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी बस. पाठ टेकायची सोय असलेल्या खुर्चीत बस. आणि अक्षराला नावं ठेवू नकोस. (हे डाव्या हाताचं आहे. माझं उजव्या हाताचं अक्षर कसं होतं ते आठवून बघ, म्हणजे हे मोत्याच्या दाण्यांसारखं वाटेल.)

हे पत्र तुझ्याआधी भाऊजी फोडणार हे मी धरून चाललोय, आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून पहिल्यापासून लिहितो. आठ वर्षांपूर्वी पुठ्ठे कापायच्या मशीनने माझ्या उजव्या हाताची चार बोटं नेली. अंगठा तेवढा मागे राहिला. तेव्हापासून मला अपंग भत्ता मिळतो. गेल्या वर्षी जुन्या बॅगांच्या चेन बदलायचा नाद लागला. बॅग दोन गुडघ्यांत धरायची, उरलेल्या अंगठ्याने कापड दाबायचं, डाव्या हातात पक्कड घ्यायची आणि चेनवरचा तो सरकणारा तुकडा, त्याला रनर म्हणतात, तो दोन्ही बाजूंच्या दातांवर एकदम चढवायचा. पहिल्या वीस बॅगा वाया गेल्या. (त्यातल्या सतरा तुझ्या भावजयीच्या माहेरच्या होत्या, तो विषय आमच्याकडे काढायचा नाही.) एकविसावी जमली. मग शेजारीपाजारी बॅगा आणून टाकायला लागले, आणि एके दिवशी मी ठरवलं की आता भत्ता पुरे, धंदा करायचा. भाऊजींनी लगेच फोन करून हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असं सुनावलं होतं. (हाताची म्हण माझ्यासमोर वापरायची तर लोक आधी खोकतात आणि मग विषय बदलतात. भाऊजी खोकतात, पण विषय बदलत नाहीत. म्हणून ते मला आवडतात.)

तर मी भत्ता कार्यालयात गेलो आणि खिडकीतल्या चष्मेवाल्या कारकुनाला म्हटलं, माझा भत्ता बंद करायचाय. त्याने मान वर न करता विचारलं, वाढवून हवाय का. म्हटलं, नाही, बंद. मग त्याला वाटलं उशिरा मिळतोय. म्हटलं, अगदी वेळेवर मिळतो, तोच बंद करा. तेव्हा त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच घाबरलो. मग त्याने आतल्या चार जणांना बोलावलं. ते सगळे खिडकीशी येऊन माझ्याकडे बघत उभे राहिले. एका बाईंनी फार मायेने विचारलं की घरी काही भांडण वगैरे झालंय का. बावीस वर्षांच्या नोकरीत भत्ता मागायला, वाढवायला, मेलेल्या माणसाचा चालू ठेवायला आलेले लोक त्या कारकुनाने पाहिले होते. आपल्या पायाने येऊन बंद करा म्हणणारा मी पहिला. तसा अर्ज असतो हेही त्यांना माहीत नव्हतं. शेवटी शिपायाला आठवलं. एका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली जाड गठ्ठा सरकवलेला होता, तो म्हणजे भत्ता स्वेच्छेने सोडण्याचे कोरे अर्ज. माझ्यासाठी वरचा एक काढला आणि टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं. त्या टेबलावरचे साहेब त्या क्षणापासून माझ्यावर नाराज आहेत.

अर्जाबरोबर एक चांगली बातमीही निघाली. भत्ता सोडून स्वतःचा धंदा करणाऱ्याला कार्यालय जागा देतं. मला बाजारातल्या एका इमारतीत जिन्याखालची जागा मिळाली. ताई, काय सांगू तुला! उभं राहिलं तर डोकं आपटतं, पण मी बसूनच काम करतो, आपटतं ते गिऱ्हाइकाचं. एक खिडकी आहे. भिंतीवर आठ खिळे ठोकून मी वेगवेगळ्या रंगांच्या चेन टांगल्या आहेत. बाहेर पाटी आहे, 'येथे बॅगांच्या चेन बदलून मिळतील', आणि ती मी स्वतः रंगवली आहे. पहिल्या दिवशी मी ती पाटी बघायला म्हणून नऊ वेळा बाहेर गेलो आणि पाच वेळा डोकं आपटून घेतलं. फक्त एक अट होती. मी स्वतःच्या हाताने काम करतो की नाही हे बघायला एक तपासनीस बाई येणार, आणि त्या हो म्हणाल्या की जागा कायमची माझी.

आता इथे तुला तुझ्याच पापाची आठवण करून द्यायला हवी. भत्त्यासाठी दरवर्षी घरी तपासणी व्हायची. दुसऱ्या वर्षी मी नीट भांग पाडून बसलो आणि कसं चाललंय म्हटल्यावर छान चाललंय म्हणालो, तर चार महिने भत्ता बंद झाला होता. त्यानंतर तू स्वतः येऊन आमची तालीम घेतलीस. दाढी दोन दिवसांची. शर्टाचं बटण एक घर चुकलेलं. मान डावीकडे कललेली. कुठल्याही प्रश्नाला मनात तीन आकडे मोजूनच उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर 'नाही जमत हो' असंच असलं पाहिजे. माझ्या आवाजात पुरेसा खेद नाही म्हणून तू मला ते वाक्य चाळीस वेळा म्हणायला लावलं होतंस. आणि तिसऱ्या मिनिटाला तुझ्या भावजयीने चमच्याने पाणी पाजायचं. (बोटं गेलेल्या माणसाला पाणी चमच्याने का पाजायचं, हे मी तेव्हाही विचारलं होतं. तू म्हणालीस, तुला काय कळतंय, गप पी.) सहा वर्षं आम्ही हा प्रयोग वर्षातून एकदा न चुकता केला.

तर गेल्या मंगळवारी सकाळी अकराला मी जिन्याखाली बसून एका गृहस्थांच्या प्रवासी बॅगेवर रनर चढवला, चेन तीनदा मागेपुढे करून दाखवली, आणि गुणगुणत दुसरी बॅग घेतली. ते गृहस्थ पाकीट काढत उभे होते. तुझी भावजय डबा घेऊन नुकतीच आली होती. तेवढ्यात खिडकीत एक बाई वाकल्या आणि म्हणाल्या, "मी तपासणीसाठी आले आहे."

ताई, शपथेवर सांगतो, मी काही केलं नाही. जे झालं ते आपोआप झालं. तपासणी हा शब्द कानावर पडला आणि माझी मान डावीकडे पडली. पक्कड हातातून गळाली. माझाच डावा हात वर आला आणि त्याने शर्टाचं एक बटण काढून चुकीच्या घरात घातलं! आतून मी ओरडत होतो, अरे गाढवा, आज उलटं आहे, आज जमतंय म्हणायचंय. पण मान ऐकेना. मी डोळे वटारून हिला खुणा केल्या, तर हिला वाटलं मी सुरुवात करायची खूण करतोय. तिने डबा उघडला, चमचा काढला आणि मला पाणी पाजायला लागली. बाईंनी विचारलं, हे काम तुम्ही स्वतः करता का. मी मनात एक, दोन, तीन मोजले आणि माझ्या तोंडून, पुरेशा खेदाने, बाहेर पडलं, "नाही जमत हो." हिने डोळ्यांना पदर लावला. बाईंनाही गहिवरून आलं. त्यांनी कागदावर काहीतरी भराभर लिहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, काळजी घ्या म्हणाल्या, डोकं आपटलं आणि निघून गेल्या.

ते गृहस्थ पाकीट हातात धरून तसेच उभे होते. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं की मग त्यांची चेन नक्की कोणी बसवली. मी मान सरळ करून त्या बाईंच्या मागे धावलो, पण बाजारात त्या कुठे गेल्या ते दिसलंच नाही. परत आलो तर ही चमचा हातात घेऊन रडत बसली होती, आणि या वेळी ते तालमीतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी मी दारात उभा. डुगडुगत्या टेबलाच्या साहेबांनी अहवाल वाचून दाखवला: अर्जदार काम करण्यास पूर्ण असमर्थ, पाणीसुद्धा पत्नी पाजते, भत्ता चालू ठेवावा. मी म्हटलं, साहेब, चूक झाली, आत्ता इथे कुणाचीही बॅग द्या, करून दाखवतो. साहेब म्हणाले, इथे बॅग नाही, कागद चालतो. आणि त्यांनी माझी आठ वर्षांपूर्वीची फाइल काढली. मी दवाखान्यात पडलो असताना तू भरलेला पहिला अर्ज. मी तो कधी पाहिलाच नव्हता, ताई. तुझं ते गोल गोल अक्षर बघून मला आधी बरं वाटलं. मग मी वाचायला लागलो. शारीरिक अडचणींच्या रकान्यात तू लिहिलंयस की मला चादरीची घडी घालता येत नाही. अगं, ती मला दहा बोटं असतानाही येत नव्हती! स्वभावाच्या रकान्यात 'चिडका', आणि प्रामाणिकपणाची कमाल म्हणजे कंसात 'अपघाताच्या आधीपासून'. शिट्टी वाजवता येत नाही हेही लिहिलंयस. शिट्टी मी हाताने वाजवतो असं तुला वाटत होतं का? साहेब हसले, मीही हसलो, टेबलही डुगडुगलं.

मग अकरावा रकाना आला. 'अर्जदार स्वतः काय काय करू शकतो?' त्यापुढे तू लिहिलं होतंस, 'काहीही नाही'. खाली दोन रेघा. त्या दोन शब्दांवर, पाण्याचा थेंब पडावा तशी, शाई थोडी फुटली होती. साहेब पुढचं पान उलटायला लागले, तर मी त्यांना थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. या पंधरा दिवसांतला सगळ्यांत मोठा धक्का तो. मला खूप वाईट वाटलं. आठ वर्षं तो कागद माझ्याबद्दल तसं म्हणत कपाटात पडून होता, आणि मी बाहेर हिंडत होतो.

एवढंच. बाकी सर्व ठीक. तू तब्येतीला जप, गुडघ्यांना शेक घेत जा, आणि भाऊजींना खिडकीत बसू देऊ नकोस.

तुझा,
चिडका (अपघाताच्या आधीपासून)

ता. क. पत्र सहज लिहिलं असं तुला वाटू नये म्हणून सांगतो. कार्यालयाचा नियम असा की अहवाल आणि अर्जदार यांची तोंडं दोन दिशांना असतील, तर पहिला अर्ज ज्याने भरला त्यानेच स्वतःच्या अक्षरात दुरुस्ती करून सही द्यायची. म्हणजे तू. महिनाअखेरच्या आत सही आली नाही तर जिन्याखालची जागा काढून घेणार, आणि भत्ता चालू ठेवणार. कागद आणला नाही तर पैसे देत राहू, अशी धमकी तू जन्मात कधी ऐकली होतीस का?

ता. क. २. एक विचारायचं आहे. ते 'काहीही नाही' तू कार्यालयासाठी लिहिलं होतंस, की तुला खरंच तसं वाटत होतं? कार्यालयासाठी असेल तर त्यावर शाई का फुटली, हे मला कळत नाही. खरंच वाटत असेल तरी मी रागावणार नाही. त्या दिवसांत मलाही तसंच वाटत होतं.

ता. क. ३. खरं सांगतो, तू सही नाही केलीस तर मला मनातून थोडं हायसं वाटेल. भत्ता दर महिन्याला येतो, गिऱ्हाईक येईलच असं नाही, आणि मला फार भीती वाटते. हिला हे सांगितलेलं नाही. म्हणून सही कर, ताई. मी मागे फिरायच्या आत कर.

ता. क. ४. गेल्या खेपेला तुझी तपकिरी पर्स आमच्याकडे विसरलीस, जिची चेन तुटल्यापासून तू तीन वर्षं पिन लावून वापरतेस. ती सोबत पाठवतोय. तू दुरुस्ती करून सही करायचा कागद तिच्या आतल्या कप्प्यात आहे. चेन ओढल्याशिवाय तो मिळणार नाही. चेन अडकली, तर अकराव्या रकान्यात जे होतं तेच पुन्हा लिही, माझी तक्रार नाही.

ता. क. ५. चादरीचं मात्र काही बदलू नकोस. ते खरं आहे.