मधेच बोललो त्याबद्दल

आईस सुगतचा जय भीम.

नांदेडचं काम सोडलं म्हणून रागावू नको. लातुरात दवाखान्यात पेशंट ने-आण करतो, जेवण मिळतं. तुझा गुडघा कसा हाय?

काल ऑपरेशन झालेला पोरगा आयसीयूत आणला. तिथं डॉक्टर नर्सला सगळं सांगेपर्यंत बाकीच्यांनी गप ऱ्हायचं असतं. पण पोरगा आपल्या जळकोटचा निघाला, अन् मी मधेच इंदू सिस्टरला तिथल्या बाजाराचं सांगत बसलो. त्याला कोणतं इंजेक्शन चालत न्हाई, ते त्यांना ऐकूच गेलं न्हाई. नेमकं तेच त्यांनी सुईत भरलं. डॉक्टरांनी दारातून ओरडून थांबवलं.

"सुगत, तुझ्या जिभेला हाड हाय का न्हाई?" सिस्टर ती सुई बाजूला टाकत म्हणाल्या.

बाहेर त्याची आई होती. "तूच नीट आणलंस ना रे माझ्या लेकराला?" म्हणत तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

आई, मी "हाव, मीच" म्हणालो.

तुझाच,
सुगत