अक्षयच्या बारशाला मी बोलले ते

मी, चंद्रभागा, कै. मधुकर बोंगाळे यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार जुनी हुबळी, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र करते.

१. दोन्ही शिलाई मशीन आणि कपाट माझ्या बहिणीची मुलगी ज्योती हिला. मोठ्या कात्रीने कागद कापू नये.

२. घराचा अर्धा भाग माझे दिवंगत दीर विनायक यांचा. तो त्यांचा औरस पुत्र अक्षय याचाच आहे, तो देणारी मी कोण? माझा अर्धा भागही त्यालाच.

३. 'औरस' हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. १९९१ साली अक्षयच्या बारशाला, पाळण्याभोवती बायका जमलेल्या असताना मी म्हणाले, "नाक-डोळे आमच्या घरातले नाहीत हो." लग्नाला सतरा वर्षं होऊन माझी कूस रिकामी होती. माझी जाऊ कौसल्या निर्मळ होती, हे बोलतानाही मला ठाऊक होतं. वकिलांनी इथे 'गैरसमजातून' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. मी खोटं बोलले.

बायका हसल्या. भावजींनी त्यानंतर मुलाला उचललं नाही. महिन्याभरात कौसल्या बाळाला घेऊन अळणावरला माहेरी गेली, ती परत आलीच नाही. भावजी वारले तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

४. गेल्या महिन्यात या कागदाचा मसुदा घेऊन मी अळणावरला गेले. म्हटलं, माझ्या तेराव्याला सगळ्यांपुढे वाचतील. कौसल्याने पाणी दिलं आणि म्हणाली, "अक्का, मेल्यावर कशाला? तेव्हा तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, म्हणून?"

५. म्हणून काल गल्लीतल्या देवळात, भजन संपल्यावर, मी उभी राहून तिसरं कलम वाचलं. बारशाला आलेल्यांपैकी हिराबाई तेवढी उरली आहे. ती म्हणाली, "अय्यो, म्हणजे ते खरं नव्हतं?" चौतीस वर्षं तिने ते खरंच धरलं होतं. सुनांनाही सांगितलं होतं.

६. रात्री अक्षयला फोन केला. सगळं ऐकून त्याने वडिलांविषयी एवढंच विचारलं, "अप्पांना हे कधी सांगितलंत?"

"नाही सांगितलं," मी म्हटलं.

त्याने फोन ठेवला. माझ्या क्रियाकर्माला त्याला कुणी बोलावू नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली आहे.

चंद्रभागा बोंगाळे
जुनी हुबळी, १४ सप्टेंबर २०२५

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
दत्तात्रेय महेंद्रकर
भारती पोरे