ताइफच्या हवेचं टायमिंग

२ नोव्हेंबर २०१८, शुक्रवार

आज उगाच एक जुनी दुपार आठवली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुकानामागे हिरवीचं बॉनेट उघडं, हे आत वाकलेले, मी टॉर्च धरून उभी. हे म्हणाले, जरा डावीकडे गो. मी टॉर्च डावीकडे केला. म्हणाले, हां, बस. मग आम्ही कणसं खाल्ली. एवढंच.

हिरवी म्हणजे आमची सत्तर सालची अमेरिकन गाडी. दोन दारं, लांब नाक, व्ही-एट इंजिन. तीन वर्षं बंद पडून आहे. आज चहाच्या वेळी ह्यांनी सांगितलं, जानेवारीपासून स्पेअर पार्टच्या दुकानांतही सौदी माणसंच ठेवायची. आमचा कफील अबू नासेर, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान आणि आमचा व्हिसा, भला आहे, पण तो तरी काय करणार? तेव्हा फायनल एक्झिट, कायमचं मायदेशी. आणि हिरवी तशलीहमध्ये, म्हणजे भंगारात.

मी म्हटलं, भंगारात मुळीच नाही. ह्यांचा जीव आहे त्या गाडीत. मला स्वतःला गाड्यांचं काही नाही.

अबू नासेरचा जेद्दाचा भाऊ जुन्या गाड्या जमवतो. त्याने कळवलंय, स्वतःच्या चाकांवर आली तर ठेवून घेईन, ट्रकवर लादून आणली तर नको.

ठरलं. हिरवी मी चालू करणार.

६ नोव्हेंबर

मॅन्युअल इंग्रजीत आहे. ह्यांचं इंग्रजी पार्ट नंबरपुरतं, माझं कॉन्व्हेंटचं. सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, नीट वाचणाऱ्या मुलीला काहीच अवघड नाही. शिवाय इतक्या वर्षांचा टॉर्चचा अनुभव. आठवडाभराचं काम.

अफशाँला टोरांटोला फोटो पाठवला. लेकीचं उत्तर: अम्मी, प्लीज डोन्ट टच एनीथिंग. आजकालच्या मुलांना हाताने करायच्या कामांची भीतीच फार.

९ नोव्हेंबर

किरकोळ कामं ह्यांच्यावर सोपवली. टाकी धुणं, पंप, प्लग, बॅटरी, ब्रेक, टायर. मुख्य काम माझ्याकडे: कार्बुरेटर आणि इग्निशन टायमिंग. एक ठरवतो पेट्रोलमध्ये हवा किती, दुसरं ठरवतं ठिणगी कधी. फोडणीसारखंच. तेल किती आणि मोहरी कधी.

१६ नोव्हेंबर

ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर फिरवला, टायमिंग त्यानेच बदलतं. मॅन्युअलमध्ये दिशा दिली आहे, पण ती गाडीच्या पुढून बघायची की सीटवरून, ते दिलेलं नाही. कार्बुरेटरमधून भडका. ओढणीचं टोक गेलं. शेजारची हफीजा सिलेंडर फुटला म्हणून अनवाणी जिन्यापर्यंत धावली. आता सगळ्यांना सांगत सुटलीय की भाभीने बॉम्ब केला.

चूक मॅन्युअलची.

२३ नोव्हेंबर

आधी टायमिंग, मग कार्बुरेटर, असा क्रम असतो म्हणे. मी उलट केलं होतं. पाया पक्का व्हावा म्हणून.

तल्हा आला होता. अबू नासेरचा जावई. आता दुकान तो बघणार, म्हणून हे त्याला रोज शिकवतात. म्हणाला, या खाला (अरबीत, अहो मावशी), व्हिडिओ बघा ना, फोनवर सगळं असतं. मी हसले. याला कार्बुरेटर आणि कॅल्क्युलेटर सारखेच. महिन्याभरात कंटाळेल, अबू नासेर ह्यांना हात जोडून परत बोलावेल. हे म्हणतात पोरगा हुशार आहे. ह्यांना सगळेच हुशार वाटतात.

हे सामानाच्या पेट्या आणायला सांगतायत. म्हटलं, हिरवीचं झाल्यावर.

७ डिसेंबर

आज डोकं लख्ख चाललं!

ताइफ डोंगरावर, हवा विरळ. उन्हाळ्यात जेद्दाचे लोक गाड्या घेऊन वर येतात आणि त्या काळा धूर ओकायला लागतात, कारण पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी. ह्यांचं अर्धं दुकान त्यावर चाललं. जेवताना इतकी वर्षं तेच ऐकलं: लहान जेट घाला, म्हणजे पेट्रोलचं भोक बारीक, स्क्रू थोडे आत, टायमिंग जरा पुढे. हिरवी तीन वर्षांपूर्वी अफशाँच्या लग्नाला खाली जेद्दाला नेली होती, तिथल्या हवेला लावून, आणि परत आली ती बंदच पडली. म्हणजे ती बिचारी अजून समुद्राच्याच हिशोबात!

ह्यांच्याकडे लहान जेट मागितले. ह्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं, काहीतरी बोलणार होते, मग आणून दिले.

१४ डिसेंबर

टायमिंग लाइटचा झोत पुलीवर मारला. खूण जिथे हवी तिथे स्थिर. स्क्रू पाव पाव फेऱ्याने. आणि मग तो आवाज, पोट भरलेल्या मांजरासारखा. बॉनेटवर चहाची पेली ठेवली, हलली नाही. हफीजाला गॅलरीतून बोलावून दाखवलं. म्हणाली, भाभी, तू तो पूरी मिस्त्री निकली.

हे हसत होते. पुष्कळ दिवसांनी.

२८ डिसेंबर

रोज संध्याकाळी दहा मिनिटं चालू करते. इंजिनासाठी आवश्यक असतं. काल हे म्हणाले, जेद्दाला कधी न्यायची गो? म्हटलं, अजून थोडं बारीक काम आहे. वस्तुतः नव्हतं. पण घाई कशाला.

४ जानेवारी २०१९, शुक्रवार

जुम्मा झाल्यावर निघालो. हे चालवत होते, मी शेजारी. हदाचा घाट, वळणावळणावर माकडं. गाडी काय धावली! ॲक्सिलरेटरला पायसुद्धा लावावा लागत नव्हता. मी म्हटलं, बघितलंत, ट्यूनिंग म्हणतात ते हे. हे म्हणाले, उतार आहे गो.

घाट संपला. सपाटीला ह्यांनी पाय दिला आणि हिरवी आतून खडखडायला लागली, डब्यात गोट्या हलवाव्यात तशी. मग कार्बुरेटर दोनदा शिंकला. मग बंद. पुन्हा सुरू, पुन्हा शिंक, पुन्हा बंद.

कडेला उभी केली. हे शांतपणे म्हणाले, खाली हवा जाड असते. वर येणाऱ्या गाडीला जे करतात, ते खाली जाणारीला उलटं करावं लागतं.

इतकी वर्षं मी वर येणाऱ्यांच्याच तक्रारी ऐकल्या. खाली गेलेली गाडी तक्रार करायला परत कशाला येते?

म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, हो. मग बोलला का नाहीत? म्हणाले, तू खुशीत होतीस. आणि खिशातून कागदाची पुडी काढली. जुने, मोठे जेट. म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे, संध्याकाळपर्यंत जेद्दा.

मी पुडीकडे बघितलं. समोर जेद्दाचा सरळ रस्ता. ट्रक धूळ उडवत चाललेले.

म्हटलं, रस्त्याच्या कडेला धुळीत कार्बुरेटर उघडू नये. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय.

हे म्हणाले, असं लिहिलंय?

म्हटलं, तुम्हाला इंग्रजी येत नाही.

ह्यांनी पुडी परत खिशात ठेवली आणि ट्रकवाल्याला फोन लावला. जेद्दासाठी नाही, वर ताइफसाठी.

५ जानेवारी

सकाळी अंगणात चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात सुरू. मांजरासारखी. म्हणजे माझ्या कामात दोष नव्हता. दोष जागेचा होता.

ह्यांना म्हटलं, तुमचा जीव आहे ना तिच्यात, म्हणून परत आणली. हे म्हणाले, माझा? मी तर अफशाँच्या जन्माच्या वेळीच विकणार होतो. तूच रडलीस.

मला असं काही आठवत नाही. धुराने डोळ्यांत पाणी आलं असेल.

११ जानेवारी, शुक्रवार

बुधवारचं विमान. पेट्या बांधल्या. कोणाला काय ते लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी गडबड नको.

मोठा प्रेशर कुकर, पाट्यासकट वरवंटा आणि पुदिन्याच्या कुंड्या: हफीजाला. कुंड्यांना रोज पाणी, गप्पांच्या नादात विसरू नये.

शिलाई मशीन: हफीजाच्या सुनेला. हफीजाला नाही.

दुकानातली ह्यांची खुर्ची: दुकानातच. तल्हाने तिच्यावर बसायला हरकत नाही, मागे टेकून झोपू नये.

हिवाळी रजया: मशिदीत, ज्यांना लागतील त्यांना.

हिरवी: तल्हाला. काल विचारलं तर त्याने स्वतःचा हात डोक्याला लावला, म्हणाला, या खाला, आईसारखी सांभाळीन. दर शुक्रवारी चालू करावी. घाट उतरवू नये. स्क्रूला आणि टायमिंगला कोणीही हात लावायचा नाही. उमऱ्याला मक्केला येऊ तेव्हा वर्षातून एकदा मी वर येऊन तपासून जाईन.

हे शेजारी बसून वाचत होते. म्हणाले, अगो, उमऱ्याच्या व्हिसावर ताइफला येऊ देत नाहीत.

बरं.

टायमिंगसुद्धा तल्हाला.