सगळे एकाच फेरीत

ती. मामा,

भाचेसुनेचा वाकून नमस्कार. (पोट आड येत असल्यामुळे सध्या तो मनातल्या मनात वाकून आहे, तो तसाच गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि कानातलं यंत्र अजून शिट्टी वाजवतं का? मागच्या आठवड्यात मी फोनवर तुम्हाला चांगलं तीनदा ओरडून सांगितलं की आम्ही गाडी घेतोय, आणि तुम्ही विचारलंत, माडी घेताय तर जिना आतून काढणार की बाहेरून. म्हणून हे पत्र. गाडीच घेतोय, मामा. जिना कुठूनच नाही.

झालं असं, की आमची सध्याची गाडी पाच जणांची आणि आम्ही सहा. मी, तुमचा भाचा, सासूबाई, नऊ वर्षांची थोरली, सहाचा मधला आणि तीनची धाकटी. चार महिन्यांनी सातवं माणूस येतंय. त्यामुळे सगळ्यांनी मिळून कुठे जायचं म्हणजे दोन फेऱ्या. गेल्या महिन्यात पोहण्याच्या तलावावर गेलो होतो. (मुलं पोहतात, सासूबाई कोमट पाण्यात उभ्या राहून व्यायाम करतात, म्हणजे ओळखी करून घेतात.) परतताना तुमच्या भाच्याने पहिल्या फेरीत सासूबाईंना, मला आणि धाकटीला घरी सोडलं आणि उरलेल्या दोघांना आणायला गेला. मधला एकटाच बाहेर आला आणि म्हणाला, ताई पहिल्या फेरीत गेली. तुमच्या भाच्याने ते खरं मानलं. मागच्या सीटवर काय चाललंय हे त्याला फक्त आवाजावरून कळतं, आणि आवाज तर भरपूर होता. घरी मला वाटलं ती खोलीत आहे, सासूबाईंना वाटलं न्हाणीघरात आहे. जेवायला वाढलं आणि एक ताट उरलं.

मामा, ती दीड तास तलावाच्या पायरीवर बसून होती. केस ओले, मांडीवर पिशवी. रडली नव्हती. मला बघून उठली आणि विचारलं, "गाडी भरली होती का?"

मी पदराने तिचे केस पुसले. घरी आल्यावर तुमच्या भाच्याच्या हातून किल्ली घेऊन टेबलावर आपटली आणि जाहीर केलं की आता या घरातली माणसं जातील ती सगळी एकाच फेरीत, नाहीतर कोणीच कुठे जाणार नाही.

तुमच्या भाच्याचं डोकं औषधांच्या दुकानात घडलेलं. त्याने लगेच तक्ता केला: गाडी, गुण, दुष्परिणाम. त्याचं म्हणणं, एखादी उंच, डब्यासारखी गाडी घ्यावी. पण उंच गाडीत चढताना सासूबाई एक पाय आत टाकतात आणि मग दुसऱ्या पायाशी वाटाघाटी सुरू होतात. शिवाय माझी बिनडोक्याची बाई असते. (घाबरू नका. कपडे बेतून बघायचा पुतळा आहे, गिऱ्हाइकाच्या घरी न्यावा लागतो, आणि तिला आडवंच झोपवून न्यावं लागतं.) तेव्हा मी ठरवलं: स्टेशन वॅगन. लांब, बुटकी, मागे सपाट, आणि त्यात तिसरी रांग. घरात तिघे जण वेगवेगळं बोलत होते, पण गळ्यात मोजपट्टी असलेल्या बाईशी फार वेळ वाद घालता येत नाही.

पहिल्या दुकानातला विक्रेता इतका गोड हसायचा की मला त्याच्या जबड्याची काळजी वाटली. तो म्हणाला, सात जण आरामात. मी म्हटलं, हे बघा, सहा आणले आहेत, सातवा अर्धा तयार आहे, बसवून दाखवा. त्याने तुमच्या भाच्याला तिसऱ्या रांगेत घातलं. घातलंच म्हणते, कारण बसणं याला म्हणत नाहीत. गुडघे कानाशी, हनुवटी गुडघ्यात. मी आत हात घालून मोजलं, पाय ठेवायला साडेचार इंच. विक्रेता म्हणाला, ती जागा छोट्या प्रवासासाठी आहे. मी विचारलं, छोटा म्हणजे केवढा? त्याने दुकानाच्या दाराकडे पाहिलं आणि बराच विचार करून म्हणाला, "म्हणजे… अगदी छोटा." तेवढ्यात तुमच्या भाच्याचा एक पाय झोपला आणि त्याला बाहेर ओढायला आम्ही तिघे लागलो. विक्रेता तेव्हाही हसतच होता.

दुसऱ्या गाडीत तिसरी रांग छान होती, पण ती उभी केली की मागे सामानाला जागा उरे ती एका पावाची, तीही कापलेल्या. तिसऱ्या गाडीत मधल्या सीटवर लहान मुलांच्या दोन खुर्च्या बसवल्या की बाजूला चौदा इंच उरत. सासूबाईंना किती लागतात तो आकडा मला पाठ आहे, पण इथे लिहीत नाही, कारण पाकीट बंद करायच्या आधी त्या पत्र वाचणार आहेत. चौथ्या गाडीत सगळं जमलं आणि धाकटी तिच्यात ओकली, तेव्हा आम्ही दिलगिरी व्यक्त करून बाहेर पडलो. तुमचा भाचा म्हणाला, दोन फेऱ्याच बऱ्या होत्या. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने तक्त्यात पाचवी ओळ आखली.

पाचवी गाडी होती जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंची. बाई सत्तरीच्या, हात मनगटापर्यंत ओरखडलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. गाडी जुनी, राखाडी, आगबोटीएवढी लांब. तिच्यातून चोवीस वर्षं कुत्री, बकऱ्या आणि एकदा एक पाडसही गेलेलं. (वास आहे. मी खोटं बोलणार नाही.) आणि तिची तिसरी रांग, मामा, उलटी. म्हणजे मागचं दार वर उघडायचं, तिथून आत शिरायचं आणि मागच्या रस्त्याकडे तोंड करून बसायचं. आम्ही हे न्याहाळतोय तोवर सासूबाई आत जाऊन बसल्यासुद्धा. गाडी इतकी बुटकी की दुसऱ्या पायाने कुरकुर केलीच नाही. बाईंनी दार लावलं, आम्हाला बसवलं आणि स्वतः गाडी काढली.

मागून खिदळल्याचा आवाज आला. मला वाटलं मधला आहे. सासूबाई होत्या. मागच्या प्रत्येक गाडीला त्या हात करत होत्या आणि लोकही हात करत होते. एक पाववाला तर सिग्नल सुटला तरी हलला नाही. परत आलो तेव्हा दाराची कडी अडकलेली. बाई म्हणाल्या, कधीकधी अडकते, बकऱ्या धडका मारून उघडतात. सासूबाईंनी त्या उपायाला नकार दिला. मिस्त्री येईपर्यंत चाळीस मिनिटं त्या आत बसून होत्या, आणि दार उघडल्यावर बाहेर यायला तयार होईनात. काचेशी बसून म्हणाल्या, "जन्मभर पुढे काय येतंय याचीच धास्ती घेतली. एकदा जे गेलं ते निवांत बघू दे की."

पण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, ती जागा हलक्या माणसांची, तिथे मुलंच बसणार. सासूबाईंनी मला विचारलं, माझं वजन कोणी सांगितलं? मी विषय बदलला आणि मधली रांग मोजली. दोन खुर्च्या ठेवून खिडकीशी साडेएकोणीस इंच. (पुरतात. एवढंच सांगते.) बाईंनी मग आमच्याकडे असं पाहिलं जसं त्या आजारी जनावराकडे पाहत असतील, आणि विचारलं, तुम्हाला ही कशाला हवी? मी तोंड उघडायच्या आत थोरली उत्तरली, "मी तलावावर राहिले होते." पुढच्या रविवारी दुसरं कोणी गाडी बघायला येणार होतं, त्यांना बाईंनी आमच्यासमोरच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मी त्यांच्या फाटकावर कागद टेकवून सही केली. कडी मिस्त्रीने बदलली आहे. उलट्या रांगेत थोरली आणि मधला. सही झाल्यावर सगळे एकदा आपापल्या जागी बसून पाहिलं, तेव्हा थोरली शेवटी चढली, आधी सगळ्यांना बोट लावून मोजलं. तिने माझ्या पोटालाही बोट लावलं आणि म्हणाली, सात. दार तिनेच ओढून घेतलं. तुमचा भाचा बराच वेळ आरसा नीट करत होता.

बाकी सगळे मजेत. गुडघ्याला शेक देत जा आणि यंत्राची बॅटरी बदला.

तुमची भाचेसून

ता. क. गाडी अजून डॉक्टरीणबाईंच्या अंगणातच आहे. तुमच्या भाच्याने ती एकदा मागे घेऊन पाहिली आणि त्यांची कचराकुंडी, पायरी व गुलाबाचं एक झाड असं तिन्ही एकाच प्रयत्नात गाठलं. त्याने जाहीर केलंय की ही आगबोट तो चालवणार नाही. मी म्हटलं, मी चालवीन.

ता. क. २. मला गाडी चालवता येत नाही. परीक्षा पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे. तुम्ही तेहतीस वर्षं बस चालवलीत आणि एकदाही कुठे घासली नाहीत. सोमवारी या. पोट आणि स्टिअरिंगचं चाक यांच्यात सध्या सहा इंच आहेत, आठवड्याला पाव इंच कमी होतं, तेव्हा विचार करत बसू नका.

ता. क. ३. सासूबाईंनी पत्र वाचलं. त्यांनीही परीक्षेचा अर्ज भरलाय, हे मला आत्ताच कळलं. त्या म्हणतात, चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही त्यांना शिकवायला बसलात आणि चालत्या गाडीतून उडी मारलीत. मी सांगितलं, मामा उडी मारणाऱ्यातले नाहीत, पडले असतील. येताना खरं काय ते ठरवून या, कारण त्यांना पहिला धडा मंगळवारी सकाळी हवा आहे.