सेसिलियाबाईंचा पाला

ठाणे, मंगळवार, ता. ५ फेब्रुवारी १८८९

आधी सगळ्यांच्या तब्येती. मार्सेल, लेका, गुडघा कसा आहे? — म्हणतो बरा, पण उठताना कण्हतो. अ‍ॅग्नेस, पोरी, खोकला? — गेला. शेळी? — पाला खाते, दूध देत नाही. आणि सुझानाबाई, तुमचं काय? — माझं डोकं तापलं आहे! त्याला औषध नाही.

कल्याणच्या सेसिलियाबाईंना त्यांच्या लिओनार्डसाठी आमची अ‍ॅग्नेस बघायची आहे. बघा की! घरी या, बसा, माझ्या हातचं खा. पण नाही. निरोप काय — "गुरुवारी सगळी मिळून मुंबईला जाऊ, भायखळ्याचं म्युझियम बघू, बागेत जेवू. मुलगीही तिथेच बघून होईल."

बघून होईल! माझी नात काय भुसा भरलेला मोर आहे?

मार्सेल म्हणाला, "आये, हल्ली असंच करतात." हल्ली! तुझी बायको गेली तेव्हा ही एवढीशी होती. मी वाढवली तिला. ती काचेच्या कपाटाशेजारी उभी करून दाखवायला नाही.

अ‍ॅग्नेस मात्र उठून शेळीला पाला घालायला गेली. शरमेनेच असणार, बिचारी.

गुरुवार, ता. ७

जाऊन आलो. पाय सुजले. जीव त्याहून.

म्युझियम मोठं छान आहे, खोटं कशाला बोलू. खांब काय, जाळीचे कठडे काय! पण मला बघू दिलं तर ना. सेसिलियाबाई प्रत्येक कपाटापुढे थांबणार आणि म्हणणार, "अ‍ॅग्नेस, ही चिठ्ठी वाच गं, माझा चष्मा राहिला." चष्मा गळ्यात लोंबत होता! मग, "जरा जिना चढून बघ, वर काय आहे." पोरगी लंगडते का ते बघायचं होतं, दुसरं काय. लिओनार्ड तिच्या मागोमाग वर गेला. शंखांच्या कपाटाशी दोघं किती वेळ उभी! शंखात बघण्यासारखं एवढं काय असतं?

मग जेवण. मी पहाटे उठून हातभाकरी थापल्या होत्या, बोंबील तळले होते. गाठोडं सोडते तोच — "नको नको, सुझानाबाई, तेलकट नको. मी सालाद आणलं आहे. तब्येतीला चांगलं."

सालाद म्हणजे पाला! कच्चा! निळ्या फुलांच्या चिनीमातीच्या भांड्यात हिरवी पानं, मुळा, गाजर, काकडी, वर आंबट शिरका शिंपडलेला. चूल नाही, फोडणी नाही. ठाण्याहून भायखळ्याला येऊन माणसाने चरायचं?

लिओनार्ड मान खाली घालून कराकरा चावत होता. एवढा उंच गडी, आईपुढे नुसता नंदीबैल. आणि सेसिलियाबाईंची नजर सारखी अ‍ॅग्नेसच्या तोंडाकडे. "गाजर घे. अजून घे." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दात! बाजारात बैल घेताना जबडा उघडून बघतात, तसे माझ्या पोरीचे दात बघत होती बाई!

निघताना उरलेला पाला भांड्यासकट माझ्या हातात. "घरी न्या, रात्री खा. पोट हलकं राहील."

माझं पोट रागाने भरलेलं होतं.

शुक्रवार, ता. ८

पाला शेळीला घातला. तिनेही मुळा सोडला.

शनिवार, ता. ९

मार्सेल कामाला कल्याणला जातो, त्याच्याबरोबर भांडं परत पाठवलं. स्वच्छ घासून, पुसून — आणि रिकामं. मुद्दाम! आमच्यात भरून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. चार लिंबं तरी घालतात. आणि लग्नाची बोलणी चालू असताना रिकामं गेलं तर समजायचं, सोयरीक नको.

समजू दे.

मार्सेल दारात घुटमळला. "आये, काही घालतेस का यात?" म्हटलं, "हवा घाल!"

रविवार, ता. १०

देवळातून मिस्सा ऐकून येताना अ‍ॅग्नेसने विचारलं, "आजी, भांडं दिसत नाही." मी छाती पुढे काढून सांगितलं. पोरगी रस्त्यातच थांबली.

"रिकामं? मला विचारलंस?"

विचारायचं काय त्यात? तुझा अपमान झाला होता ना?

"माझा कुठे? तुझा झाला. मला म्युझियम आवडलं. घरी आले असते तर मी खाली मान घालून उभी, तो बापाशी बोलतो आहे, झालं. तिथे तो माझ्याशी बोलला."

काय बोलला? तर — गेल्या वर्षी सेसिलियाबाई पोटाच्या दुखण्याने मरायला टेकली होती. डॉक्टरने तेल-तिखट तोडलं, ही पानं लावली. एकटीला घशाखाली उतरेनात, ताटावर रडायची. तेव्हापासून लिओनार्ड तिच्याबरोबर तेच खातो. "बाहेर गेल्यावर सुद्धा?" हिने विचारलं. म्हणाला, "बाहेर तर जास्तच. लोक बघतात ना तिच्याकडे."

आणि मी त्याला बैल म्हटलं! मनात म्हटलं, पण म्हटलं.

अ‍ॅग्नेस जेवली नाही. अगं सुझाना, तुझ्या रागाला काय म्हणावं! आणि त्या बाईने तरी तोंड उघडून सांगायचं की नाही? "तब्येतीला चांगलं" म्हणे! "माझ्या तब्येतीला" म्हणायला काय झालं होतं?

सोमवार, ता. ११

ताडी घालून पीठ भिजवलं, गोल वड्यांसारखे फुगे तळले. मोठं तपेलं काठोकाठ. मी स्वतः मार्सेलला घेऊन कल्याणला गेले. दाराला कुलूप! शेजारीण म्हणाली, "मायलेक गावी गेलीत. कधी येतील कोण जाणे." तपेलं तिच्याकडे ठेवलं. सांगितलं — ठाण्याची सुझाना आली होती म्हणावं. म्हातारी तापट आहे, पोरीचा दोष नाही. पास्काआधीचा उपासकाळ जवळ आला, मग बोलणी थांबतील; तेव्हा जबाब लवकर पाठवा.

परत येताना आठवलं. फुगे! तेलात तळलेले! ती बाई खाणार कशी?

गुरुवार, ता. १४

काही नाही. अ‍ॅग्नेस माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

रविवार, ता. १७

लिओनार्ड आला. तपेलं स्वतः उचलून. म्हणाला, "फुगे सगळे मीच खाल्ले, आईने नुसता वास घेतला." झाकण काढलं — काठोकाठ पाला! वर गाजराच्या चकत्या, शिरका. अ‍ॅग्नेस हसता हसता रडली. लग्न पास्काच्या सणानंतर.

शेळी दारात येऊन ओरडत होती. तिला एक पान दिलं नाही.